आबांचं बटण

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही माणसाचा चेहरा नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिल्वासात मी धाग्याच्या कारखान्यात होतो आणि वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढायचं वेड डोक्यात शिरलं होतं. लेथवरच्या कांतिभाईंनी मला एक नळी घडवून दिली. ती कॅमेरा आणि भिंगाच्या मध्ये बसवली की मिठाचा खडा डोंगराएवढा दिसे. मात्र चार बोटांपलीकडे सगळं धुकं. काड्यापेटीची काडी, साबणाचा फेस, बायकोच्या पोळीवरचा करपलेला डाग (हा फोटो घरात फार महाग पडला) असं मी काय काय टिपलं.

भाऊ वापीहून फोटोवाला ठरवायला निघाला होता. घरचा कलाकार असताना बाहेरचा माणूस कशाला, म्हणून मीच त्याला अडवलं. चाळीसगावकडून आमचे वडील, आबा आले. त्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता. तो आता निघणार म्हणून नवा सदरा शिवून आणला होता. प्रवासात त्याचं बटण तुटलं, तर स्वतः काळ्या दोऱ्यानं टाचून घेतलं.

लग्नाच्या सकाळी मी हात साफ करायला हळकुंडाचा एक फोटो काढला, आणि नळी निघेना! तेल घातलं, फडक्यात धरून पिळली. शेवटी मांडवात कांतिभाईंना गाठलं. त्यांनी कौतुकानं नळीवरून बोट फिरवलं.

"एकदम फिट बनाया है साहेब. अब ये जिंदगीभर नहीं निकलेगा."

कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तसा मी नवरीच्या नाकाला जाऊन भिडलो. भटजींनी अंतरपाटाबरोबर मलाही बाजूला केलं. पापणीवरची एक अक्षता आली, मुंडावळ्यांचा मणी आला, जिलेबीचं एक वळण आलं, व्याह्यांची अर्धी मिशी आली. आबा सदरा नीट करून ताठ उभे राहिले. मी कॅमेरा तोंडाशी नेला तसे डोळ्यांवर हात धरून मागे सरकले.

"डोयामा घालस का रे ते?"

म्हणून मी त्यांचं बटण टिपलं.

अल्बम पाहून नवरी रडली. भावानं माझ्याशी बोलणं टाकलं.

आबा त्याच वर्षी गेले. दहाव्याला भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, आबांचं काहीच नाही का रे त्यात?"

मी बटण दिलं. दुसरं देणार काय होतो!

आता ते त्याच्या भिंतीवर आहे, हार घालून. माझा चौकटीत लागलेला हा एकमेव फोटो. पाहुणे गोंधळून हात जोडतात, मग जवळ जाऊन बघतात. परवा एकजण म्हणाला, "काय सुरेख काढलाय हो, दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतो. कोणी काढला?"

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "वापीहून माणूस बोलावला होता."

मी मान डोलावली.