मुअल्लिमचं घंगाळ

सन २०२२. मला एकाहत्तरावं चालू होतं, आणि मुअल्लिमच्या कारखान्यात शिरायचं तर या वयात मला खिसे उलटे करून दाखवावे लागले.

दाराशी त्याने तांब्याचं एक घंगाळ ठेवलं होतं. आत येणाऱ्याने खिळा, स्क्रू, टाचणी, जे काही असेल ते त्यात टाकायचं, मगच उंबरा ओलांडायचा. आदल्या दिवशी मी मुलाच्या घरी पडद्याचा रॉड बसवला होता, त्यातले दोन स्क्रू माझ्या खिशात निघाले. टाकले. टणकन आवाज झाला. आत भिंतीला करवती, पटाश्या, रंधे लटकलेले. मी म्हटलं, "हे लोखंड नाही का?" तो म्हणाला, "हत्यार काम करतं आणि बाहेर पडतं. खिळा लाकडात घर करून बसतो."

मुअल्लिम म्हणजे अरबीत मिस्त्री. कैरोचा माणूस, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचं खरं नाव मला सहा महिन्यांनी कळलं, तोवर त्याची गरजही पडली नव्हती.

मी चौथी शिकलेला सुतार. बाप सुतार, आजा सुतार, गाव राजापूरच्या खाडीवर. उमेदीची एकवीस वर्षं बहारीनमध्ये अरबांच्या घरांची दारं बसवली. बायको गेली तेव्हा मुलगा मला इकडे हॉलंडात, आल्मेऱ्याला घेऊन आला. तो कॉम्प्युटरमधला. इथे मला इंग्रजी येत नाही, डच तर नाहीच. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे मुलगा बोलणार आणि मी बाजूला पिशवी धरून उभा. ज्या माणसाने चाळीस माणसांवर मुकादमी केली त्याला हे कसं लागतं ते ज्याचं त्याला माहीत.

एका रविवारी मुलगा आणि सूनबाई मला ट्रेनने दोन स्टेशनं पुढे एका जुन्या बंदरावर घेऊन गेले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्याच्या कडेने जुनी गोदामं आहेत, तिथे अरबांच्या कलांचं केंद्र उभं केलंय. एका गोदामात ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवायला शिकवतात, एकात बोरूने अक्षरं काढतात, मध्ये निळ्या फरशांचं कारंजं, आणि कॉफीचा वास थेट धक्क्यापर्यंत. मी त्याला अरबी धक्का म्हणतो. मुलगा पाटी वाचून मला समजावत होता, आणि मागे दोन म्हातारे त्या कॉफीला अरबीतून शिव्या देत होते. मी हसलो. मुलाने विचारलं, "काय झालं बाबा?" या देशात आल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं मला कळलं होतं आणि त्याला नाही. पुढच्या मंगळवारी मी माझं माझं ट्रेनचं कार्ड घेऊन एकटा गेलो.

त्या मंगळवारीच ते घंगाळ, ते दोन स्क्रू. आत गेलो तर मुअल्लिमने मान वर न करता कोपऱ्यातला झाडू दाखवला. "या हिंदी, जरा भुसा लोट."

एकवीस वर्षं मी "या हिंदी", म्हणजे "ए हिंदुस्थानी", ऐकून घेतलं होतं. तेव्हा पोट होतं. आता कसलं? मी झाडू उचलला, भिंतीला उलटा लावून ठेवला आणि म्हणालो, "हिंदी सव्वाशे कोटी आहेत. तुला कोण पाहिजे? मी महादेव. सुतार आहे. भुसा मी करतो, लोटत नाही."

त्याने चष्मा काढला. "इतकी घाणेरडी अरबी मी जन्मात ऐकली नाही. सिमेंटमध्ये कालवून आणलीस काय?" आणि स्टूल पुढे सरकवलं. पुदिन्याचा चहा आला. साखर तो चहात घालायचा नाही, खडा गालात धरून वर चहा ओढायचा. मला म्हणाला, "बस. बघ. बोलू नकोस." मी बसलो, बघितलं, आणि बोललो.

तो जाळीची खिडकी करत होता. आपल्याकडच्या जाळीसारखी फळीतून कोरलेली नव्हे. लेथवर कातलेले बोराएवढे मणी आणि बोटाएवढ्या दांड्या, एकाचं टोक दुसऱ्याच्या भोकात, असे हजारो तुकडे जुळवून पूर्ण झडप तयार होते. खिळा नाही, गोंद नाही. आतल्या माणसाला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. कारखान्याच्या पाण्याकडच्या भिंतीला मोठं भगदाड होतं, तिथे ही खिडकी बसवायची होती. त्यासाठीच केंद्रवाल्यांनी त्याला जागा दिली होती. पण त्याला ती नुसती बसवायची नव्हती, लोखंडाशिवाय बसवायची होती.

कारण विचारलं तर म्हणाला, "तीस वर्षं मी या देशात लोकांची स्वयंपाकघरं बसवली. रोज स्क्रू. सकाळी स्क्रू, दुपारी स्क्रू. माझ्या आजोबांनी जन्मात एक पिळला नाही. आता पेन्शन मिळते. आता मी माझ्या आजोबांचा नातू."

एवढंच त्याचं भांडण होतं, आणि तो ते सगळ्यांशी भांडायचा. फोटो काढायला लोक यायचे. हा पाठ करून उभा राहायचा. "हात काढा. तोंड नको. तोंडाने काही बनवलं नाही." केंद्राची मॅनेजर बाई चांगली पोरगी, आईबाप मोरोक्कोचे, पण जन्म इथला. तिची अरबी माझ्याहून कच्ची, म्हणून मला ती जास्तच आवडायची. ती उद्घाटनाची तारीख घेऊन आली की तो म्हणायचा, "तारीख तुझी आहे. खिडकीने कुणाला शब्द दिलेला नाही."

आता त्याची चूक सांगतो. तो असता तर सांगू दिली नसती.

मी पहिल्या आठवड्यातच म्हटलं होतं, "मुअल्लिम, सांधे फार घट्ट बसवतोस. हे लाकूड फुगेल." तो म्हणाला, "कैरोमध्ये तीनशे वर्षांच्या खिडक्या उभ्या आहेत, एक मणी हललेला नाही." मी म्हटलं, "कैरोमध्ये पाऊस कधी पडतो?" म्हणाला, "तू दारं बसव, खिडकीत बोलू नकोस."

मी कोकणातला. आमच्याकडे आषाढात दार चौकटीला असं धरतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. ओल काय करते ते मला शाळेत शिकावं लागलं नाही. आणि हा देश म्हणजे बारा महिने आषाढ, फक्त थंड. पंधरा दिवस संततधार लागली आणि त्याची पहिली झडप पोळी फुगावी तशी फुगली. मंगळवारी मी गेलो तर चौकट कोपऱ्यात तडकलेली, मणी जमिनीवर. चार महिन्यांचं काम.

"मी सांगितलं होतं," असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं, पण म्हणालो. तो तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मीही दर मंगळवारी जाऊन त्याच्यासमोर बसायचो आणि बोलायचो नाही. चहा मात्र दोन यायचे.

चौथ्या मंगळवारी माझ्या स्टुलावर एक मणी, एक दांडी आणि कानस ठेवलेली. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "उस्ता, किती ढिली ठेवू?"

उस्ता. कारागिराला कारागीर म्हणतो तो शब्द. बहारीनमध्ये एकवीस वर्षांत कुणी वापरला नाही. मी म्हटलं, "नखाएवढी."

"नख तुझं की माझं?"

"माझं. तुझी नखं खडूस आहेत, तुझ्यासारखी."

मग आम्ही दोघांनी मिळून ती खिडकी परत पहिल्यापासून केली. तो कातायचा, मी कानशीने टोकं उतरवायचो, मग जवसाचं तेल. घरी मुलगा कुरकुरायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुम्ही त्यांच्यात कसे काय जाता?" मी म्हटलं, "मी लाकडात जातो. तुम्ही कशात जाता?" ते प्रसाद घ्यायला गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकी पुरी झाली. खमेंटे म्हणजे इथली नगरपालिका, तिचा इन्स्पेक्टर आला. ताडासारखा उंच, स्वभावाने गरीब. एकही स्क्रू नाही म्हटल्यावर त्याने मान हलवली, असं चालणार नाही. मॅनेजर बाई रडवेली. मुअल्लिमने झडप दोन स्टुलांवर आडवी टाकायला लावली, चपला काढल्या आणि वर चढून मांडी घातली. "ये उस्ता." मीही चढलो. पंगतीला बसावं तसे आम्ही दोघे म्हातारे शेजारी शेजारी. जाळीने हूं की चूं केलं नाही. मुअल्लिमने इन्स्पेक्टरला बोटाने खुणावलं, "आता तू." तो हसला, थोडा लाजला, आणि बूट काढून खरंच येऊन टेकला. खाली उतरल्यावर त्याने सही केली आणि घंगाळात डोकावून खिशातली एक टाचणीही टाकली.

खिडकी चढली. उद्घाटन झालं, भाषणं झाली. मुअल्लिम मागे उभा. मी म्हटलं, "झाली ना तुझ्या मनासारखी?" म्हणाला, "अजून खिडकी झालेली नाही. एक हिवाळा फुगू दे, एकदा सुकू दे. मोकळी राहिली तर खिडकी. नाहीतर सरपण."

तो हिवाळा त्याने बघितला नाही. ऑक्टोबरात झोपेतच गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला जायची गरज नाही, तिथले रिवाज आपल्याला माहीत नाहीत." मी गेलो. रिवाज माहीत नव्हते म्हणून मागच्या रांगेत उभा राहिलो, आणि मातीची वेळ आली तेव्हा पुढे झालो. एकाने विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "उस्ता." त्याने जागा करून दिली. धक्क्यावर त्याचा फोटो लावला होता, नुसते हात. दुसरा फोटोच नव्हता.

नोव्हेंबरच्या एका सोमवारी सूनबाईला सुट्टी होती, ती म्हणाली बाबा चला फिरून येऊ. धक्क्यावर गेलो. खिडकीवर वरून खाली स्टीलच्या चार पट्ट्या, मण्यांमधून आरपार सोळा स्क्रू. घंगाळात कुणीतरी साखरेच्या पुड्या भरून ठेवल्या होत्या.

मॅनेजर बाईला गाठलं. ती मला अम्मो म्हणते, म्हणजे काका. "अम्मो, विमेवाले ऐकत नाहीत. इन्स्पेक्टरची सही त्यांना पुरत नाही. फक्त हिवाळ्यापुरतं."

"अगं, हिवाळ्यातच नको! आत्ता ती फुगणार. तिला हलायला जागा नसेल तर उभी चिरेल. उन्हाळ्यात लाव वाटेल तितके."

"मला कळतं, अम्मो. मी लिहिलंय त्यांना. उत्तर यायला सहा आठवडे लागतील."

सहा आठवड्यांत चिरून सरपण झालं असतं. रात्री जेवताना मुलाला सांगितलं. तो ताट सरकवून म्हणाला, "बाबा, दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. पोलीस आले तर? तुमचे इथे राहायचे कागद माझ्या सहीवर आहेत."

"मग तुझी सही तू सांभाळ," मी म्हटलं. "माझी त्या खिडकीवर आहे." झोपायच्या आधी टेबलावर सूनबाईने माझं कार्ड आणि मफलर काढून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ट्रेनने मी गेलो. चोरून नाही. कॉफीवाला खुर्च्या मांडत होता, त्याला सलाम केला, एक स्टूल मागून घेतलं, आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. खाली वाकून शेवटचे चार काढत होतो तेव्हा मॅनेजर बाई सायकलवरून उतरली. "अम्मो, काय करताय?"

"काढतोय. विमेवाल्यांना माझं नाव दे. नीट लिही, महादेव. काम सुतारकी."

ती आत गेली. मला वाटलं फोन करायला. ती घंगाळ घेऊन बाहेर आली, साखरेच्या पुड्या काढून, पुसून. मी सोळाच्या सोळा स्क्रू एकेक करून त्यात टाकले. पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मग तळवा जाळीवर ठेवला आणि हळूच दाबला.

हलली. नखाएवढी. माझ्या.