कार्डावरची तिसरी ओळ

ठाकूर सरांची आणि माझी पहिली गाठ अमरवेलीने घालून दिली. पेणच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक म्हणून लागलो, त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. रोह्याकडच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला मी, काचेच्या नळीला हात लावायलाही बिचकत असे. विभागप्रमुख प्रा. विश्वनाथ ठाकूर यांनी पहिल्याच दिवशी मला कुंपणावरची अमरवेल आणायला सांगितले. मी तासभर खपून ती पिवळी वेल बोरीच्या फांद्यांवरून सोडवली, नळाखाली धुतली आणि ताटलीत घालून सरांपुढे ठेवली.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हरिभाऊ, स्वच्छ आणलीत. पण अर्धीच आणलीत."

"सगळी हाय सर. कुंपणावर काय ठेवली नाय."

"ती ज्या बोरीवर जगत होती, ती बोर कुठे आहे?"

मग स्वतः कात्री घेऊन सर माझ्याबरोबर कुंपणापाशी आले. वेलीसकट बोरीची फांदी कापली आणि वेलीची बारीक मुळे सालीत कुठे शिरली आहेत ते भिंगातून मला दाखवले. विद्यार्थ्यांच्या आधी मला दाखवले, हे मी विसरलेलो नाही.

निवृत्तीनंतर सरांनी जीवशास्त्रातल्या संज्ञांचा मराठी कोश हाती घेतला. एक जीव दुसऱ्याच्या अंगावर, अंगात किंवा आधाराने राहतो तेव्हा त्या दोघांना आणि त्यांच्या नात्याला काय म्हणायचे, एवढाच भाग त्यांनी पत्करला होता. पुढे एका संस्थेने हे काम संगणकात भरायचे ठरवले. संगणकाला 'वगैरे' कळत नाही, प्रत्येक शब्द कोणत्या शब्दाच्या पोटात येतो ते नेमके सांगावे लागते, असे तिथून कळले. सरांना त्यात काही नवल वाटले नाही. त्यांची कार्डे पहिल्यापासून तशीच होती. प्रत्येक कार्डावर तीन ओळी असत. पहिलीत ही गोष्ट कशाचा प्रकार आहे, दुसरीत त्या प्रकारातल्या इतरांहून तिचे वेगळेपण काय, आणि तिसरीत ती कोणी, कुठे पाहिली. चुकलेले कार्ड फाडायचे नाही, ते दुरुस्त कार्डाच्या मागे टाचायचे, असाही दंडक होता.

सर व्याख्येत घाई चालू देत नसत. 'सहजीवन' या शब्दावर एका तरुण प्राध्यापकांनी वाद घातला. "सर, सहजीवन म्हणजे दोघांचाही फायदा. आम्ही तर असंच शिकलो."

सर म्हणाले, "मीसुद्धा तसंच शिकवलं, माझी चूक. आधी कोण कोणाकडे राहतो ते लिहा. भलं-बुरं ही पुढची चौकशी." त्यांनी मोठ्या कार्डावर लिहिले: दोन वेगळ्या जातींच्या जीवांचे निकट आणि दीर्घकाळ एकत्र राहणे. दोघांचे भले होते ते, एकाचे भले आणि दुसऱ्याचे नुकसान होते ते, आणि एकाचे भले होऊन दुसऱ्याला काहीच होत नाही ते, अशी तीन कार्डे त्याखाली आली. आंब्यावर नुसता आधार घेणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, आणि आंब्याचा रस ओढणारे बांडगूळ लांबून सारखीच दिसतात. सरांच्या कार्डांच्या पेटीत मात्र त्यांची घरे वेगळी होती.

या पेटीत एक चुकीचे कार्ड माझ्या हातचे आहे. सरांचा मोठेपणा सांगायचा तर ते उघड करायलाच हवे.

सर मलाही कार्डे लिहायला देत. 'मुळांवरच्या गाठी' हे कार्ड मी टेबलाशी बसून, जुन्या टिपणांवरून पुरे केले. पहिल्या ओळीत लिहिले, मुळांचा रोग. दुसरीत, सूक्ष्म जीव मुळात शिरून झाडाच्या अन्नावर जगतात. तिसऱ्या ओळीत काय लिहावे ते सुचेना, म्हणून लिहिले, 'सर्वत्र'. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. कार्डांच्या चक्रमुद्रित प्रती शाळांमध्ये गेल्या. एक प्रत मी गावी नेली आणि एकादशीच्या सकाळी देवळाच्या ओट्यावर मोठ्या हौसेने वाचून दाखवली.

पुढच्या रविवारी गावी गेलो तर चुलतीच्या, म्हणजे चंद्रीकाकीच्या शेताच्या बांधावर उपटलेल्या वालाचा ढीग. भात निघाल्यावर त्या खाचरात तिने वाल लावला होता. बियाणे तिच्या सासूपासून राखलेले, दुसरीकडे कुठे नसलेले. त्या वर्षी तिने सगळे बी पेरले होते, घरात मूठभरही शिल्लक नव्हते. पीक गेले असते तर ते बी कायमचे गेले असते.

"या पंडित," काकी म्हणाली. "तुझ्या कागदात व्हतं, गाठी म्हंजे रोग. बघ, मुळामुळाला गाठी हायेत. दोन वळी उपटल्या, उरलेल्या उद्या काढते."

"काकी, एक दिस थांब. सरांना विचारून येतो."

"इचारून मग वाचायचं की नाय? तू आधी वाचलंस, आता इचारतोस."

मी लगेच एस.टी. धरून पेणला गेलो. सरांचे वय तेव्हा सत्तरीला आलेले. माझे बोलणे संपण्याआधी त्यांनी पिशवीत भिंग टाकले होते. दोघांनी गावाकडची एस.टी. धरली. नागोठण्याला ते एवढेच म्हणाले, "'सर्वत्र' वाचूनही मी सही केली."

शेतात सर चपला काढून उकिडवे बसले. एक रोप मातीसकट उचलले, मुळे हलकेच पाण्यात धुतली आणि एक गाठ नखाने दाबली. ती अलगद सुटून आली. आत गुलाबी होती. "काकी, ही झाडाची पाहुणी. झाड हिला खाऊ घालतं आणि ही हवेतून झाडाला खत करून देते. ही उपटायची नाही." मग खाचराच्या पाणथळ कोपऱ्यातले, पिवळे पडलेले रोप काढले. तिथली गाठ नखाने सुटेना. मूळच जागोजाग सुजले होते. "हा रोग. मुळात बारीक कृमी शिरलाय. एवढा कोपरा काढा."

"म्हंजे कोपऱ्यापासनं सुरवात केली असती तर मी शहाणी ठरले असते," काकी म्हणाली.

सर उभे राहिले आणि त्यांनी काकीला हात जोडले. "चूक माझी आहे. कागदावर सही माझी होती."

काकी गडबडली. "आवो, जोडू नका हात. कार्टं आमचंच हाय." मग जरा थांबून म्हणाली, "पन एक सांगते. या सुटणाऱ्या गाठी जास्त, तिथं पाला काळसर हिरवा ऱ्हातो. ते ल्हिवलंय का कुठं?"

लिहिलेले नव्हते. सरांनी बांधावर बसून ते लिहून घेतले. दुपारी काकीने विकतच्या वालाचे बिरडे वाढले. जेवताना सरांनी दोन कोरी कार्डे माझ्यापुढे ठेवली. ती लिहायला मलाच दिली. आता माझ्यावर कोणी काम सोपवणार नाही, अशी खूणगाठ मी एस.टी.त बांधली होती. त्या दोन कार्डांनी ती सोडवली. त्यांवरच्या तिसऱ्या ओळीत चंद्रीकाकीचे नाव आणि तिचे शेत आहे. माझे जुने कार्ड त्यांच्या मागे टाचलेले आहे.

आता ही कार्डे संगणकात गेली आहेत. संस्थेच्या लोकांना तिसरी ओळ नको होती. सरांनी ती असल्याशिवाय पेटी देणार नाही असे शांतपणे कळवले, आणि ओळ राहिली.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना मी रोह्याच्या ग्रामदैवतापाशी, धावीर महाराजांपाशी, त्यांच्यासाठी आरोग्य मागितले आहे. त्यांचे गुडघे उकिडवे बसण्याइतके आणि डोळे भिंगापुढे टिकण्याइतके धड राहोत. काकीचा निरोपही इथेच पोहोचवतो. त्या बियाण्याचा वाल तिने यंदाही लावला आहे. "सरांना सांग, कोपरा आता बरा हाय. पन मी सांगते म्हनून ल्हिवू नका म्हनावं, येऊन बघा."