दोनच खिळे

पिंप्राळ्यात फोटो फ्रेम करून देणारे एक ख्रिस्ती भाऊ होते. त्यांच्या हातोडीची टकटक अजून कानात आहे. लग्नाच्या फोटोमागे ते आठ खिळे मारत, पुढाऱ्यांच्या फोटोमागे दोनच. विचारलं की म्हणत, "खुर्चीवर बसाडनारा देव शे, उठाडनारा बी तोच. आपण कशाले घट्ट ठोकानं?"

एका निवडणुकीनंतर कार्यकर्त्यांनी पडलेल्या आमदारांची फ्रेम आणून आपटली. "हा फेका, आमच्या साहेबांचा बसवा."

याच आमदारांनी भाऊंचं जुनं दुकान पाडायला लावलं होतं. तरी ते खुर्चीवर होते तोवर भाऊ दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करत.

भाऊंनी नवा फोटो बसवला. जुना बाहीने पुसला, कागदात गुंडाळला आणि सायकल काढली.

"कुठे निघालात?" एका कार्यकर्त्याने विचारलं.

"त्यास्ना घर. आज तठे कोणीच जाणार नही."