गजराकाकूचा वचपा

आमच्या गिरणीच्या दारात श्रीमंतमामांच्या पोटरीत पिसाळलेल्या कुत्र्यानं दात रुतवले तेव्हा मी आत मिरची कांडत होतो. विज्ञानात मला चांगले मार्क होते. तरी मी काय केलं, तर मूठभर ताजं तिखट जखमेत दाबलं. मामांची बोंब भूमच्या बाजारापर्यंत गेली असावी. चूक माझी, पण नुस्खा त्यांचाच. कुत्रं चावलं की तिखट, मग गुळातून पाला, आणि वर ताकीद: सुई घेतली तर औषध उतरतं. आसपासची गावं त्यांच्याकडंच यायची.

बोंब ऐकून शेजारची गजराकाकू धावली. शेळ्या राखणारी बाई, अंगानं काडी, आवाजानं भोंगा. तिच्या नवऱ्याला, बजरंगाला, रानात कोल्हा चावला होता. मामांनी पाला दिला, सुईला मना केलं. पुढं बजरंग पाण्याचा तांब्या बघून थरथरू लागला, आणि गेला. तेव्हापासून काकू मामांच्या दारातच शेळ्या बांधून बसायची. कुणी चावलेला आला की दंडाला धरून थेट भूमच्या सरकारी दवाखान्यात.

"बाई माझ्या पोटावर उठली," मामा म्हणायचे.

"व्हय. उठलेच हाय," ती म्हणायची.

आज तेच मामा तिच्या पायाशी पडलेले. मला वाटलं, ती बघेल आणि निघून जाईल. मी गेलो असतो.

तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला. मग मामांना नळाखाली ओढलं, मला पिटाळून तिच्या घरून साबणाची नवी वडी आणवली आणि जखम घासत बसली. तिखट निघालं, रक्त निघालं, तरी घासतेच आहे. वडीचा पापुद्रा उरला.

"दवाखान्यात नको गं," मामा कण्हले. "बाजार हाय आज. लोक बघतील."

"म्हनून तर आजच."

"मरू दे मला."

"लई सोपं हाय व्हय? तुमी जगायचं. ज्या तोंडानं बजरंगाला सुई नको म्हनला, तेच तोंड उघडायचं."

मोटरसायकलवर मी पुढं, मामा मध्ये, काकू मागं, पळू नयेत म्हणून. रांगेत मामांनी टॉवेल तोंडावर ओढला. काकूनं तो काढून आपल्या खांद्यावर टाकला.

"रामराम घाला की. वळखीचीच मानसं हायती."

जखमेभोवती सुया टोचताना मामा ओरडले. काकूनं त्यांचा हात घट्ट धरला. नर्सबाईंना ती माया वाटली. मला काकूचा चेहरा दिसत होता.

पुढच्या प्रत्येक सुईला तिनं त्यांना भर बाजारपेठेतून चालवत नेलं. शेवटची टोचून परतलो, तर मामांच्या दारात शेजारच्या गावचा एक जण चावलेला हात धरून उभा. मामांनी काकूकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"साबनानं धुवा. दवाखान्यात जावा. म्याबी सुई घेतली."

"आन बजरंग?" काकूनं विचारलं.

"त्याला म्या दवाखान्यात जाऊ दिलं न्हाय."

"मोठ्यानं."

मामा मोठ्यानं बोलले. गल्लीनं ऐकलं. काकूनं शेळ्या सोडल्या आणि घरी निघाली.

त्या माणसाला मी गाडीवर घेतलं. किक मारतोय तोच मागून भोंगा वाजला, "आन माझी साबनाची वडी रं?"

आणतो म्हणालो. अजून आणलेली नाही.