दाराची बदली

आमचे साहेब कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे बघायच्या आधी दाराच्या वरच्या भिंतीकडे बघायचे. उंच होते, त्यामुळे चपला काढता काढता हात वर करून बोटांच्या पेरांनी ती भिंत वाजवायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "भिंत बरी आहे." मग नमस्कार, मग पाणी, मग कसं काय वगैरे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं, आणि माझ्या बायकोने दुसऱ्या दिवशी सबंध घराची जळमटं काढली. शिडी धरायला अर्थातच मी होतो.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण त्याने दर बदलीला घराचं दार सोबत नेलेलं तुम्ही पाहिलं नसणार, म्हणून हे सांगतो.

ते आणि मी केंद्र सरकारच्या एकाच कार्यालयात. ते बरेच वर, मी बराच खाली. कोलकात्याच्या आमच्या सरकारी वसाहतीत मी पहिल्या मजल्यावर राहायचो आणि त्यांना माझ्या डोक्यावरचं क्वार्टर मिळणार होतं. ते यायच्या आधी त्यांची कीर्ती आली. भोपाळच्या एका सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, "सांभाळा, हे गृहस्थ दार घेऊन येतात." मला वाटलं, काहीतरी लाक्षणिक बोलतोय. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो आहे, त्यामुळे मला साध्या वाक्यातही लक्षणा दिसते.

दार खरंच होतं. सागाच्या जाड फळ्यांचं, वर दोन लोखंडी चाकं आणि ती चाकं ज्यावर चालतात ती लांब पट्टी. गोदामांना असतं तसं सरकतं दार. त्याला कारण त्यांची मुलगी मनू. मनूचं वय तिशीकडे झुकलेलं, पण मनाने ती सहा-सात वर्षांचीच राहिली होती. लहानपणी कुठल्याशा बदलीच्या गावी तिने खोलीची कडी आतून लावली आणि तिला ती काढता येईना. शेवटी दार फोडावं लागलं. तेव्हापासून कडीचं दार दिसलं की ती किंचाळायची, आणि उघड्या खोलीत तिला झोप यायची नाही. साहेबांनी एका सरकारी गोदामाला सरकतं दार पाहिलं. कडी नाही, कोंडून घ्यायची भीती नाही, आणि लोटलं की बंद. सुट्टीत फळ्या आणून त्यांनी स्वतःच्या हाताने तसं एक बनवलं. देखणं झालं होतं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या बदलीला कळलं की मनूला नुसतं सरकतं दार नको, तेच दार हवं. पलंगावर पडल्यावर तिला समोर त्याच फळ्या आणि लाकडातल्या त्याच गाठी दिसल्या पाहिजेत, तरच ते घर. नाहीतर ती ट्रंकेवर बसून राहायची, न जेवता, न झोपता. म्हणून साहेबांचा नियम ठरला. दार ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे सगळ्यात आधी उतरतं. अंधार पडायच्या आत ते टांगायचं आणि मग गॅस पेटवायचा. असलं दार चौकटीत बसवायचं नसतं, बाहेरून भिंतीवर लोंबतं, त्यामुळे कुठल्याही क्वार्टरला चालायचं. भिंत तेवढी बरी लागायची.

हे सगळं मला नंतर कळलं. ट्रक आला त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं की नवे साहेब मराठी आहेत आणि छाप पाडायची हीच वेळ आहे. मी मस्टरवर सही करून घरी पळालो आणि हमालांच्या पुढे उभा राहून सूचना देऊ लागलो. ट्रकचं मागचं फळकूट उघडलं तर तोंडाशीच गोणपाटात गुंडाळलेल्या फळ्या आडव्या. सामान हलू नये म्हणून पॅकिंगवाले लाकडं लावतात, ती असणार. मी दरवानाला उदारपणे म्हटलं, ले जाओ. त्या दिवसांत कोपऱ्यावर पाड्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या, क्लबचा दुर्गापूजेचा मांडव उभा राहत होता. दरवान त्या क्लबाचा जुना सभासद. त्याने फळ्या तिकडे दिल्या.

साहेब, वहिनी आणि मनू टॅक्सीने पोचले. मनू जिन्याच्या पहिल्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. साहेबांनी ट्रकमध्ये डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं आणि मी अभिमानाने सांगितलं की ती अडचण मी आधीच दूर केली.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी काय केलंय ते वहिनींनी मला थोडक्यात सांगितलं आणि मी मांडवाकडे धावलो. तिथे एक गृहस्थ तोंडात खिळे धरून बसले होते. खिळे काढून म्हणाले, "ओटा तो स्टेज होये गेछे, दादा." खरंच, दार आडवं होऊन व्यासपीठाचा भाग झालं होतं आणि त्यावर एक जण उभा राहून बांबू बांधत होता. मी बंगाली, हिंदी, इंग्रजी यांची मिसळ करून विनवण्या करू लागलो. माझी बंगाली ऐकून त्यांना वाटलं मी वर्गणी द्यायला आलोय.

मागून साहेब आले. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, त्या माणसांत बसले, पुढे आलेला चहा घेतला आणि साध्या हिंदीत मुलीची गोष्ट सांगितली. जिन्यावर बसली आहे, म्हणाले. खिळेवाले गृहस्थ वळले आणि खिळे उपटायला लागले. मग क्लबची मंडळी ते दार खांद्यावर घेऊन वसाहतीत शिरली. मागून मी, दोन्ही चाकं हातात घेऊन. गॅलरीगॅलरीतून लोक बघत होते. मनूने दार येताना पाहिलं आणि पिशवी घेऊन उठली.

त्या संध्याकाळी मी त्यांचा मदतनीस झालो तो कायमचा. पट्टी सरळ लावायला ते पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरायचे. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. माझ्या टोकाचं पाणी खुणेला आलं का, असं त्यांनी विचारलं की मी सवयीने म्हणायचो, बरोबर आहे साहेब. नळी आपटून ते म्हणाले, "अहो देसाई, इथे मी तुमचा साहेब नाही. पाणी कुठे आहे ते सांगा." नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर पाणी जिथे आहे तिथे आहे असं सांगणं मला जमेना. शेवटी त्यांनी मला शिडी धरायला दिली. घरी सराव होता.

त्या दाराच्या नादाने मला वाटायला लागलं की आपल्यालाही हे काम येतं. बायकोला मोबाईलवर परदेशी घरांची चित्रं दाखवली. तिथे म्हणे आता हीच फॅशन आहे. तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे गोठ्याचं दार?" मी म्हटलं, तसं नाही, तसला लूक. हावड्याहून चाकं आणली, सुताराला न बोलावता फळ्या जोडल्या, आणि आमच्या बाथरूमला सरकतं दार लावलं. लावून झाल्यावर लक्षात आलं की दार उघडं असलं की दिव्याचं बटण त्याच्यामागे जातं. म्हणजे दिवा लावायला आधी दार लोटून बंद करायचं, बटण दाबायचं, मग उघडून आत जायचं. शिवाय दार आणि भिंत यांच्यात चांगली दोन बोटं फट. आतला आवाज बाहेरच्या खोलीत आरपार यायचा. पाहुणे आले की बायको टीव्ही मोठा करायची. साहेबांनी येऊन ते दार मागेपुढे सरकवलं, बराच वेळ गंभीर चेहऱ्याने उभे राहिले आणि म्हणाले, "भिंत बरी आहे." बाकीच्याबद्दल बोलण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं.

तरी ते माणूस म्हणून गोड होते असं समजू नका. हट्टी होते. जगातला प्रत्येक सुतार चोर आहे असं त्यांचं मत होतं. माझ्या टिपणीवर लाल शाईने 'का?' एवढंच लिहून परत पाठवायचे. मनूशी बोलताना मात्र त्यांचा आवाज अर्धा व्हायचा. रविवारी तिला घेऊन ते क्लबच्या त्या खिळेवाल्या गृहस्थांकडे जायचे. ते दोघे कॅरम खेळायचे आणि मनू सोंगट्या मोजून द्यायची.

निवृत्ती जवळ आली तसा प्रश्न आला, जायचं कुठे. वहिनींना साताऱ्याला जायचं होतं. तिथे भाऊ होता, आपली माणसं होती, आणि बंगाली मोहरीच्या तेलाला त्या शेवटपर्यंत सरावल्या नाहीत. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत मनू इथेच नीट झोपते आहे. वाद झाला असणार, माझ्यापर्यंत तो आला नाही. त्यांनी बराकपूरला नदीपासून जवळ एक फ्लॅट घेतला. मला घेऊन दाखवायला गेले, प्रत्येक दाराची वरची भिंत वाजवली आणि खूश झाले. आता ही शेवटची बदली, म्हणाले. यापुढे दार उतरवायचं नाही.

निवृत्तीला काही आठवडे उरले असताना ते एका सकाळी ऑफिसला जायला बूट घालत होते, ते तिथेच बसले आणि पुन्हा उठले नाहीत. मी वर धावलो तोवर संपलं होतं. त्या माणसाचा मला किती लळा लागला होता हे मला त्यांच्या बुटाची नाडी सोडवताना कळलं. मनू खोलीत दारामागे होती. आत गेल्यावर ती मला म्हणाली, बाबा बसलेत.

क्वार्टर सोडावं लागलं. वहिनींचा भाऊ येऊन म्हणाला, साताऱ्याला चल. वहिनींनी बराकपूरच म्हटलं. ट्रक ठरल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मी आपणहून म्हणालो, चांगला सुतार बघतो, अगदी भरवशाचा. त्या म्हणाल्या, "परक्या माणसाने लावलं तर ती बसून राहील. भाऊजी, तुम्हीच लावा."

माझ्या बाथरूमचं दार त्यांनी वापरलेलं होतं. तरीही त्यांना माझ्याकडेच यावं लागलं, हे मला सगळ्यात जास्त टोचलं.

दार ट्रकमध्ये शेवटी चढवलं. बराकपूरला मनू नव्या इमारतीच्या जिन्यात पिशवी घेऊन बसली, आणि मी वर भिंतीशी झटायला लागलो. पहिलं भोक वाकडं गेलं. दुसऱ्यात बोल्ट फिरतच राहिला. नळीचं दुसरं टोक वहिनींनी धरलं होतं. दुपार कलली होती, दिवे अजून लावलेले नव्हते, आणि आम्ही दोघांनीही पाण्याकडे नीट पाहिलं नाही. पट्टी बसली. खाली दार हलू नये म्हणून जी पकड असते ती मी ठोकली. शेजाऱ्यांच्या मदतीने दार चढवलं. लोटलं. बंद झालं. वहिनींनी खाली जाऊन मनूला आणलं.

ती पलंगावर आडवी झाली. फळ्यांकडे बघितलं, गाठींकडे बघितलं. वहिनींनी दार ओढून घेतलं आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत उभे राहिलो.

तेवढ्यात दार हललं. कुणी हात न लावता ते हळूच सरकायला लागलं आणि वीतभर उघडून थांबलं. पट्टी एका बाजूला उतरती झाली होती, म्हणून ते सरकलं, आणि खालची पकड तिरकी बसली होती, म्हणून ते अडकलं. एकाच कामात दोन चुका. मी घाईने दार लोटलं. ते पुन्हा तितकंच उघडलं. मी पक्कड शोधायला लागलो आणि वहिनींना म्हणालो की सगळं उतरवतो, पुन्हा लावतो, तासाभराचं काम आहे. ते खोटं होतं.

वहिनींनी माझा दंड धरला. त्या फटीकडे बघत होत्या. आतून मनूचा आवाज आला, "बाबा, झोपले मी."

मला काही कळेना. वहिनींनी अगदी हळू आवाजात सांगितलं. ते रोज झोपायच्या आधी दार एवढंच सरकवून बघायचे, पोरगी झोपली का. ती रोज हेच म्हणायची.

आत मनूचा श्वास संथ झाला. मी पक्कड उचलून पुन्हा पट्टीकडे पाहिलं, तर वहिनींनी मान हलवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "असंच राहू दे."

मी हत्यारं आवाज न करता पिशवीत भरली आणि सियालद्याची गाडी पकडायला निघालो.