गिटारच्या पोटातलं सोनं

“ताई, हा एक सूर भुणभुणतोय,” चौगुले म्हणाले आणि गिटार माझ्या टेबलावर ठेवली. “बाकी सगळं मनासारखं आहे. पण तो एकदा ऐकू आल्यावर आता मला दुसरं काही ऐकूच येईना.”

दुपारचे तीन वाजले असतील. सांगलीत माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान हळदीच्या पेठेजवळ आहे. हळदीचे दिवस असले की उन्हात बारीक पिवळी धूळ तरंगते, आणि त्यात कुणी सावकाश गिटार वाजवत बसलं की मला कामाचा विसर पडतो. चौगुले हळदीचे व्यापारी. बंगळुरूला हॉस्टेलवर असताना जॅझ शिकले आणि संध्याकाळी पेढी बंद झाली की तेच वाजवत बसतात. हॉलो-बॉडी गिटारसाठी दोन वर्षं माझ्या मागे लागले होते. हॉलो-बॉडी म्हणजे आतून पोकळ. व्हायोलिनसारखी दोन वाकडी भोकं असतात, त्यांना एफ-होल म्हणतात. पिकअप लावलेला असतो, म्हणजे तारांखालचं चुंबक, त्यामुळे ॲम्प्लिफायरवरही वाजते. आवाज जाड, उबदार, जरासा झोपाळलेला.

गिटार होती कोरेगावच्या कदमकाकांची. काका पलटणीच्या बँडमध्ये होते. ऑफिसर्स मेसमध्ये याच गिटारीवर त्यांनी साहेबलोकांना नाचवलं. आता डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. मुलगा म्हणत होता, हायवेवरच्या पाव्हण्यांच्या हॉटेलात भिंतीला लावू, आत लाइट सोडू, झकास दिसेल. काका काकूंना घेऊन त्या दिवशी एसटीनं माझ्याकडे आले ते त्याच धास्तीनं; मी चौगुल्यांना बोलावून घेतलं आणि दोघं दुकानातच बसून होती.

“वाजवणाऱ्याच्या हातात जाऊ द्या,” काका आल्याआल्याच म्हणाले होते. “न्हाईतर पोरगं तिचा दिवा करतंय बघा.”

मी तो सूर वाजवून पाहिला. खरंच, मागे माशी अडकल्यासारखी भुणभुण. आम्ही याला बझ म्हणतो. तारा बदलल्या, स्क्रू आवळले, ब्रिज, म्हणजे तारांखालची लाकडी घोडी, केसभर वर घेतला. फरक शून्य. गिटार आडवी हलवली तर आत काहीतरी खसखसलं. जुना भुसा असेल म्हणून मी सोडून दिलं. मग सगळं कळल्याच्या आवाजात निदान सांगितलं.

“ब्रेसिंग सुटलंय. आतल्या आधाराच्या पट्ट्या असतात, त्यातली एक. पाठ उघडावी लागेल.”

“पाठ उघडलेली मला नको,” चौगुले हळूच म्हणाले. “मग तो आवाज राहत नाही.” त्यांचं बरोबर होतं.

काका म्हणाले, “उघडू नका ताई. पोराला फोन लावतो, न्हेऊ दे हॉटेलात.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

तेव्हा स्टुलावर बसलेल्या काकू बोलल्या. तोवर मी त्यांना चहा विचारला होता, बाकी काही नाही.

“आवं, जरा थांबा की. ताई, पानांनी आसं हुतंय का?”

“कसली पानं?”

“दसऱ्याचं सोनं. खंडेनवमीला समद्यांची हत्यारं पुजायची, तवा ह्यांची ही. वरती ठिवलं तर हे वाजवायला घ्यायचे आन् पान पडायचं. म्हून मी त्या भोकातनं आत सोडते. दरसाली एक.”

मी दातांच्या डॉक्टरांचा असतो तसला आरसा आणि टॉर्च घेतला. एफ-होलमधून आत पाहिलं. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. तळाला वाळलेली आपट्याची पानं पडली होती, आणि त्यातलं एक पिकअपच्या वायरीखाली जाऊन लाकडाला टेकलं होतं. लांब चिमट्यानं एकेक काढायला अर्धा तास गेला. रस्त्यावरच्या रिक्षा लांबून गेल्यासारख्या वाटत होत्या.

“इतकी वर्सं बोलली न्हाईस,” काका म्हणाले.

“तुमी कवा इचारलं?”

चौगुल्यांनी गिटार मांडीवर घेतली. तोच सूर धरला, सोडला, त्याच्यावर एक संथ चाल बांधत गेले. स्वच्छ आवाज. उन्हातली धूळ वर जाताना दिसत होती आणि आपण पाण्याखाली बसलोय असं मला वाटत होतं. काकांनी डोळे मिटले होते. त्यांची डावी बोटं गुडघ्यावर हलत होती, वळतील तेवढीच.

चाल संपल्यावर काकांनी डोळे उघडले.

“ती भुणभुण मला ठावं हुती,” ते म्हणाले. “मला वाटायचं तिचा गळाच तसा हाय. लय माया बसली हुती त्या सुरावर.” मग चौगुल्यांकडे बघून म्हणाले, “आता ही माझ्या गिटारीवानी बोलत न्हाई. आता देता येतीया. न्या तुमी.”

“काका, रविवारी घरी या ऐकायला.”

“न्हाई गड्या. एवढ्यात न्हाई.”

काकूंनी पानं पदराच्या टोकाला बांधली आणि दोघं स्टँडकडे निघाली. गिटारची केस रिकामी नेण्यात अर्थ नव्हता, तीही चौगुल्यांकडेच गेली. काकांनी जाताना उजवा हात जरा बाहेर धरला होता, काही तरी उचलून चालायची सवय असलेल्या माणसासारखा.

माझं निदान साफ चुकलं होतं. काकू बोलल्या नसत्या, तर एक धडधाकट गिटार हॉटेलात दिवा होऊन लटकली असती. आता दुकानात जुनं वाद्य आलं, की हत्यारं काढण्याआधी मी दोन गोष्टी करते. वाद्य कोण वाजवतं ते विचारते, आणि घरात त्याची पूजा कोण करतं तेही विचारते. पूजा करणाऱ्या माणसाला बसायला आधी खुर्ची देते.