मामा की काका?

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या आमच्या घरी माझी लेक एक जुनी जपानी कादंबरी वाचत होती, अर्थात इंग्रजीतून. त्यात वडील गेलेल्या मुलाला त्याचा अंकल माणसानं कसं जगावं याचा विचार करायला शिकवतो.

"मामा की काका?" मी विचारलं.

"जस्ट अंकल, आई."

मी चिडलेच. इथे भेटणारा प्रत्येक मराठी पुरुष हिचा अंकल! आईचा भाऊ तो मामा, हे पुन्हा एकदा समजावलं.

"व्हॉट इफ बाबा डाइज? हू विल टीच मी?"

नवरा त्याच रात्री पामर्स्टन नॉर्थहून एकटाच सहा तास गाडी चालवत यायचा होता. मी घाईघाईनं पुण्याला भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"काय गं, अभ्यास कसा चाललाय?" त्यानं विचारलं.

"गुड, अंकल," ती अदबीनं म्हणाली.